दोन सेकंदांचा हिशेब : लढाऊ विमानाला मशीनगन की कॅनन?

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांविषयी लिहिताना वेग, उंची आणि वळण्याची चपळाई यांवर भरभरून लिहिले जाते. शस्त्राचा विषय मात्र बहुतेकदा तक्त्यातल्या एका ओळीत उरकतो : अमक्या विमानाला आठ मशीनगन, तमक्याला चार कॅनन. खरे तर वेग, उंची आणि चपळाई ही सगळी कमाई शत्रू नेमासमोर येण्याच्या क्षणापर्यंतच कामाची असते. त्या क्षणी चाप ओढल्यावर काय घडते, यावर पुढचे सारे ठरते. म्हणून १९३४ ते १९५३ या काळात जगातील प्रत्येक मोठ्या हवाई दलाला एका प्रश्नाला तोंड द्यावे लागले. नुसती धातूची गोळी झाडणाऱ्या मशीनगन पुष्कळ संख्येने बसवायच्या, की २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या नळीच्या, स्फोटक गोळा फेकणाऱ्या तोफा, म्हणजे कॅनन, थोड्या संख्येने बसवायच्या? माझे म्हणणे असे की कॅननची बाजू तत्त्वतः बरोबर होती आणि अखेर तीच सर्वत्र मान्य झाली. पण नळी मोठी म्हणून शस्त्र श्रेष्ठ, एवढ्यावर हा निकाल लागलेला नाही. समोरचे लक्ष्य किती चिवट, ते किती वेळ नेमात राहणार आणि शस्त्र ऐन वेळी चालणार की अडकणार, या तीन गोष्टींनी तो लावला. या तिन्हींचा हिशेब ज्याने नीट मांडला त्याचे शस्त्र त्या काळापुरते योग्य ठरले, मग ते मशीनगन असो की कॅनन.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लढाऊ विमानावर पंख्याच्या पात्यांमधून मारा करणाऱ्या दोन मशीनगन असणे ही रीतच झाली होती. तोफेचा प्रयोगही तेव्हा झाला. फ्रान्सच्या स्पॅड-१२ विमानात इंजिनातून आरपार गेलेली ३७ मिलिमीटरची तोफ होती आणि गिनमेरसारख्या कसलेल्या वैमानिकाने तिने विमाने पाडलीही. पण प्रत्येक बारानंतर ती हाताने भरावी लागे, त्यामुळे ती सर्वसामान्य वैमानिकाच्या उपयोगाची नव्हती. पुढली पंधरा वर्षे विमाने कापडी अंगाची आणि सावकाश उडणारी राहिली, तोवर दोन मशीनगन पुरल्या. १९३०च्या दशकाच्या मध्यात धातूच्या अंगाची, ताशी ४००-५०० किलोमीटर वेगाची बाँबर विमाने येऊ घातली आणि जुने गणित मोडले. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयातील अधिकारी राल्फ सोर्ले यांनी १९३४ मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली. एवढ्या वेगाच्या विमानावर नेम फार तर दोन सेकंद टिकेल, मग त्या दोन सेकंदांत विमान पाडण्याइतका मारा करायला किती नळ्या लागतील, असा त्यांचा सवाल होता. मिनिटाला किमान १००० गोळ्या झाडणाऱ्या आठ मशीनगन, असे उत्तर आले. त्याच मंत्रालयातील कॅप्टन फ्रेड हिल यांनीही असाच हिशेब केला होता आणि त्यातील आकडेमोडीला व आलेखांना त्यांची तेरा वर्षांची मुलगी हेझेल हिचा हातभार लागला होता. हरिकेन आणि स्पिटफायर आठ मशीनगन घेऊन उडाली ती या विचारातून. या मांडणीचे मोल मोठे आहे, कारण शस्त्र मोजायचे माप तिने दिले : एका नळीची ताकद न पाहता दोन सेकंदांत पोचणारा एकूण विध्वंस पाहायचा.

ब्रिटनने निवडलेली गोळी ०.३०३ इंचाची, म्हणजे ७.७ मिलिमीटरची होती. भारतात पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची तीच गोळी. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही ही काडतुसे बनत. गोळीचे वजन सुमारे ११ ग्रॅम. ती झाडणारी ब्राउनिंग मशीनगन जेमतेम १० किलोची, मिनिटाला सुमारे ११५० गोळ्यांच्या वेगाने चालणारी, आणि मुख्य म्हणजे भरवशाची. मूळ अमेरिकी रचनेत गोळीबार थांबल्यावरही नळीत काडतूस राहत असे. ब्रिटिश कॉर्डाइट दारू तापलेल्या नळीत आपोआप पेट घेण्याचा धोका होता, म्हणून गोळीबार थांबला की नळी रिकामी राहील अशी सुधारणा करण्यात आली. उंचावर वंगण गोठून बंदूक बंद पडू नये म्हणून पंखात उष्णता पोचवली गेली आणि नळ्यांच्या तोंडांवर कापडी पट्ट्या चिकटवल्या गेल्या. पहिल्या गोळीबरोबर त्या फाटत. अशा लहानसहान दुरुस्त्यांमधूनच शस्त्र वापरण्याजोगे होते. स्पिटफायरमध्ये प्रत्येक बंदुकीला ३०० गोळ्या असत. सलग झाडल्या तर सुमारे पंधरा सेकंदांत पेटी रिकामी. दोन सेकंदांच्या एका फैरीत आठ नळ्यांमधून जवळजवळ ३०० गोळ्या सुटत आणि त्यांचे एकत्र वजन साडेतीन किलोच्या आत भरे.

१९४० च्या उन्हाळ्यात हे गणित कसोटीला लागले आणि त्यातील कच्चा दुवा उघडा पडला. सोर्लेंच्या हिशेबातील लक्ष्य १९३४ चे होते. तेव्हा विमानांना चिलखत नव्हते आणि गोळी लागताच भोक आपोआप बुजवणाऱ्या इंधनटाक्याही नव्हत्या. सहा वर्षांनी इंग्लंडवर चालून आलेल्या जर्मन बाँबरांमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या. अंगावर शेकडो भोके घेऊनही हाइंकेल आणि डॉर्निअर विमाने फ्रान्समधील तळावर परत जात. ब्रिटनने केलेली एक चाचणी याचे कारण फार स्पष्ट दाखवते. ब्लेनहाइम विमानाच्या शेपटीकडून २०० यार्डांवरून ०.३०३ च्या गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांतील सुमारे एक तृतीयांशच आतल्या चिलखती पत्र्यापर्यंत पोचल्या, आणि तो चार मिलिमीटरचा पत्रा भेदणाऱ्या तर अगदीच मोजक्या निघाल्या. बाकीच्या विमानाच्या पातळ कातडीतून आणि आतल्या सांगाड्यातून जातानाच भरकटल्या. मग इलाज दोनच उरले. पहिला, शत्रूच्या अगदी जवळ जाणे. आठही नळ्यांचे झोत आधी ४०० यार्डांच्या हिशेबाने लावलेले असत, ते वैमानिकांनी २५० यार्डांवर एकवटून घेतले. ७४ स्क्वाड्रनचे नेते सेलर मलान यांनी पुढे लिहून काढलेल्या नियमांतही जवळून, एक-दोन सेकंदांच्या नेमक्या फैरी झाडण्यावर भर आहे. दुसरा इलाज म्हणजे ‘डी वाइल्ड’ नावाची आग लावणारी गोळी. ती लागली की ठिणगी दिसे, त्यामुळे नेम बरोबर बसला की नाही हेही कळे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. ब्रिटनची लढाई याच आठ मशीनगननी जिंकली, मग त्या अपुऱ्या कशा म्हणायच्या? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. त्या लढाईत बाँबर जागीच पाडणे हेच एकमेव यश नव्हते. जखमी चालक, निकामी इंजिन आणि मोडलेला व्यूह यांनीही हल्ल्याची धार जात होती. बचाव करणारी बाजू आपल्याच भूमीवर लढत असल्याने अर्धवट नुकसान झालेला शत्रूही पुन्हा लढाईत यायला वेळ घेई. शिवाय १९४० मध्ये ब्रिटनकडे चालणारी दुसरी बंदूक नव्हतीच. म्हणून थ्री-नॉट-थ्रीची निवड त्या वर्षापुरती योग्य होती असे म्हणता येईल. पण तिच्यात वाढीला जागा नव्हती. पुढच्या हरिकेनवर आणि पहिल्या टायफूनवर बारा-बारा मशीनगन बसवून पाहिल्या, तरी मूळ अडचण सुटली नाही. जी गोळी चिलखत भेदत नाही तिची संख्या दीडपट केल्याने ती भेदू लागत नाही.

जर्मनीने हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून घेतला होता. मेसरश्मिट १०९-ई च्या पंखांत दोन २० मिलिमीटरच्या एमजी-एफएफ तोफा आणि इंजिनावर दोन हलक्या मशीनगन होत्या. एमजी-एफएफ ही स्विस ऑर्लिकॉन रचनेवरून आलेली तोफ वजनाने हलकी होती, पण तिचा गोळा सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे तुलनेने मंद गतीने सुटे, आणि गोळ्यांच्या डब्यात फक्त ६० गोळे मावत. सात सेकंदांत खेळ आटपे. तिची खरी ताकद नळीपेक्षा गोळ्यात होती. जाड पोलादी कवचात थोडी दारू भरण्याऐवजी जर्मन अभियंत्यांनी पोलादी पत्रा दाबून पातळ भिंतीचे कवच तयार केले आणि त्यात सुमारे १८ ग्रॅम तीव्र स्फोटक बसवले. नेहमीच्या २० मिलिमीटर गोळ्यात दहा ग्रॅमच्या आसपास स्फोटक असे. हा गोळा विमानाच्या कातडीतून आत शिरून फुटला की बंदिस्त पोकळीत दाब वाढे आणि पत्राच फाटून निघे. त्या काळच्या धातूच्या विमानांत कातडी हाच सांगाड्याचा भार पेलणारा भाग असल्याने एका गोळ्याने पंखाची ताकद जाऊ शकत होती. गोळीचे भोक आणि स्फोटाचे भगदाड यांतला हा फरक केवळ आकाराचा नाही. गोळीला इंजिन, टाकी किंवा वैमानिक अशी नाजूक जागाच सापडावी लागते. गोळा जिथे लागेल ती जागा नाजूक करून टाकतो. कॅननच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

ब्रिटनने यासाठी निवडलेली तोफ म्हणजे मार्क बिर्किग्त यांच्या रचनेची २० मिलिमीटरची हिस्पानो. सुमारे १३० ग्रॅमचा गोळा, सेकंदाला ८५० मीटरच्या पुढे वेग, मिनिटाला ६०० बार. कागदावर ती त्या काळातली अव्वल तोफ होती. पण तिची कल्पना भरभक्कम इंजिनावर घट्ट बसवण्यासाठी केलेली होती, आणि स्पिटफायरचा पंख पातळ व लवचिक. ६० गोळ्यांचा गोल डबा त्या पंखात मावावा म्हणून तोफ आडवी, कुशीवर निजवावी लागली. कडक वळणात पंख लवला की तोफेच्या हालचालीत फरक पडे, रिकामे काडतूस बाहेर पडता पडता अडके आणि तोफ बंद पडे. एका बाजूची तोफ बंद आणि दुसरी चालू अशा स्थितीत विमान धक्क्याने वाकडे होऊन उरलेला नेमही जाई. १९४० च्या ऑगस्टमध्ये १९ स्क्वाड्रनने ही विमाने लढाईत वापरली आणि हा त्रास इतका झाला की सप्टेंबरच्या आरंभी त्यांनी ती परत देऊन जुनी आठ मशीनगनची स्पिटफायर मागून घेतली. ऐन लढाईत एखादे पथक नवे शस्त्र टाकून जुने मागते, तेव्हा ती तक्रार गंभीरपणेच घ्यायला हवी. पण दोष कॅननच्या तत्त्वात नव्हता, बसवण्याच्या पद्धतीत होता. डब्याच्या जागी पट्ट्यातून गोळे पुरवण्याची सोय झाली, तोफेला आधार मिळाला आणि वर्षभरात चित्र पालटले. दोन कॅनन व चार मशीनगनची स्पिटफायर, चार कॅननची हरिकेन, मग चार कॅननची टायफून आणि टेम्पेस्ट, असा क्रम लागला. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर यांचा मात्र कॅननला विरोध राहिला. लांबूनच मारा करण्याचा मोह तिने होतो असे त्यांना वाटे, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये फ्रान्सवर पडले तेव्हाही ते आठ मशीनगनच्याच स्पिटफायरमध्ये होते. त्यांच्या आक्षेपात शिस्तीविषयी सांगितलेले सगळे खरे आहे. पण शिस्त तर दोन्ही शस्त्रांना लागते. २०० यार्डांवर जाणारा वैमानिक तिथून काय झाडतो, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न आकड्यांत मांडता येतो. आठ ब्राउनिंग ०.३०३ बंदुकांचे मिळून वजन ८० किलोच्या आसपास, आणि त्या सेकंदाला सुमारे १.७ किलो धातू फेकतात. अमेरिकेची ०.५० इंच म्हणजे १२.७ मिलिमीटरची ब्राउनिंग घेतली तर एका बंदुकीचे वजन २९ किलो, गोळी सुमारे ४३ ग्रॅमची. अशा सहा बंदुका १७५ किलोच्या होतात आणि सेकंदाला सुमारे ३.४ किलो फेकतात. चार हिस्पानो २०० किलोच्या आणि त्यांचा मारा सेकंदाला ५.२ किलो. म्हणजे सेकंदाला एक किलो मारा मिळवायला मशीनगनचे ४७ ते ५१ किलो वजन वाहावे लागते, कॅननचे ३८ किलो. यात कॅननच्या गोळ्यातील स्फोटकाचा परिणाम धरलेलाच नाही. तो धरला तर अंतर आणखी वाढते. अमेरिकी नौदलाचा स्वतःचाच अंदाज असा होता की एक २० मिलिमीटर कॅनन साधारण तीन १२.७ मिलिमीटर बंदुकांच्या तोडीची आहे. विमानात प्रत्येक किलोसाठी वेगाचा आणि चढण्याचा मोबदला द्यावा लागतो, तेव्हा हा हिशेब दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

यावर मशीनगनच्या बाजूने खरा तोलाचा आक्षेप आहे तो सर्वसामान्य वैमानिकाचा. प्रत्येक जण जर्मनीच्या गॅलंडसारखा किंवा ब्रिटनच्या मलानसारखा कसलेला नसतो. नवशिक्याचा नेम चुकतो, म्हणून त्याला गोळ्यांचा दाट फवारा हवा, असे हा पक्ष म्हणतो. जर्मनांनी लढायांचे विश्लेषण केले तेव्हा सरासरी वैमानिकाने झाडलेल्या गोळ्यांपैकी जेमतेम दोन टक्के लागतात असे दिसले. हा आकडा धरून पाहू. दोन सेकंदांत आठ थ्री-नॉट-थ्रींच्या ३०० गोळ्यांपैकी सहा लागतील, चार हिस्पानोंच्या ८० गोळ्यांपैकी एक किंवा दोन. काहीच न लागण्याची शक्यता मशीनगनच्या बाबतीत नगण्य, कॅननच्या बाबतीत पाचात एक. एवढ्यापुरता आक्षेप बरोबर आहे. पण पुढचा प्रश्न विचारायला हवा : लागल्यावर काय? चिलखत आणि टाक्या सुरक्षित असलेल्या विमानाला सहा हलक्या गोळ्या बहुधा ओरखड्यासारख्या, तर दोन स्फोटक गोळे एखाद्या लढाऊ विमानाला परत न जाऊ देण्याइतके. मशीनगन लागण्याची खात्री देते, कॅनन पाडण्याची. आणि विमानाचे अंग जसजसे चिवट होत गेले तसतसे पहिल्या खात्रीचे मोल घटत गेले. १९४४ पासून दोस्तांच्या विमानांत लक्ष्याच्या पुढे किती नेम धरायचा ते स्वतःच दाखवणारी जायरो दर्शिका आली आणि साधारण वैमानिकाचाही नेम सुधारला, तेव्हा फवाऱ्याची गरज आणखी कमी झाली.

लक्ष्य चिवट झाले की हिशेब कसा उलटतो हे जर्मनीवरील अमेरिकी दिवसाहल्ल्यांनी दाखवले. बी-१७ हा चार इंजिनांचा बाँबर मागून पाडायला २० मिलिमीटरचे सरासरी वीस गोळे लागतात, असे जर्मनांचे अनुमान होते. दोन टक्क्यांच्या हिशेबाने वीस गोळे लागायला हजार झाडायला हवेत. चार कॅननच्या फॉके-वुल्फ १९० ला त्यासाठी वीसेक सेकंद अखंड मारा करावा लागणार, तोही डझनावारी बंदुकांच्या समोर. म्हणून आधी समोरून हल्ल्याची पद्धत आली आणि मग ३० मिलिमीटरची एमके-१०८ तोफ. तिचे तीन-चार गोळे बी-१७ ला पुरेसे असत. मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या नाकात अशा चार तोफा होत्या, सेकंदाला तेरा किलोंहून जास्त मारा करणाऱ्या. पण किंमत पाहा. गोळ्याचा वेग सेकंदाला जेमतेम ५४० मीटर. ४०० मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत पोचायला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ लागणार, आणि तेवढ्यात आडवे जाणारे लढाऊ विमान शंभर मीटरहून पुढे निघून जाणार. बाँबरसाठी उत्तम, वळणाऱ्या शत्रूसाठी अडचणीची. हीच गोष्ट वजनाची. मेसरश्मिट १०९ च्या पंखांखाली जादा २० मिलिमीटर कॅनन टांगल्या तेव्हा ते बाँबरसाठी घातक झाले, पण इतके जड झाले की बाँबरांसोबतच्या अमेरिकी मस्टँग लढाऊ विमानांसमोर टिकेना. इथून धडा घ्यायचा तो असा की मोठ्या नळीचा फायदा लक्ष्याच्या गरजेपुरताच असतो. गरजेपलीकडे गेलेल्या प्रत्येक मिलिमीटरची किंमत वेगाच्या आणि गोळ्यांच्या संख्येच्या रूपाने वसूल होते.

नळ्या कुठे बसवल्या, हा मुद्दाही त्यांच्या आकाराइतकाच महत्त्वाचा होता. पंखांतील नळ्यांचे झोत एका ठरावीक अंतरावरच एकत्र येतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे मारा विखुरतो. नाकातून किंवा इंजिनाच्या धुऱ्यातून झाडणाऱ्या तोफेला ही अडचण नाही. सोव्हिएत रचनाकारांनी हे पुरते ओळखले होते. याक विमानांत इंजिनातून एक २० मिलिमीटरची श्वाक तोफ आणि तिच्या जोडीला १२.७ मिलिमीटरची मशीनगन एवढेच असे, लाव्होचकिन-५ च्या नाकावर दोन श्वाक. आकड्यांत हे शस्त्र तोकडे वाटते, पण सारा मारा एकाच रेषेत जात असल्याने आणि विमान हलके राहिल्याने ते पुरे पडले. मेसरश्मिट १०९-एफ मध्येही पंखांतल्या तोफा काढून मधोमध एकच ठेवली, तेव्हा जर्मन वैमानिकांपैकी मोल्डर्सना ती पसंत पडली आणि गॅलंडना अपुरी वाटली. दोघेही नामांकित, म्हणजे मतभेद अनुभवाचा नव्हता. अचूक नेमाच्या वैमानिकाला एक पुरते, साऱ्या दलाला पुरेल का, हा त्यातला प्रश्न होता. मिश्र शस्त्रसाठ्याची अडचण याहून वेगळी. जपानच्या झीरोमध्ये दोन ७.७ मिलिमीटर मशीनगन आणि मंद गतीच्या दोन २० मिलिमीटर कॅनन होत्या. दोहोंच्या गोळ्या वेगवेगळ्या वक्राने खाली येत, त्यामुळे एक लागली तरी दुसरी लागेल याचा भरवसा नसे. अमेरिकी एअराकोब्रातील ३७ मिलिमीटर तोफेलाही हाच दोष होता. ते विमान उडवणारे सोव्हिएत वैमानिक पोक्रिश्किन यांनी तिचा आणि मशीनगनचा चाप एकत्र जोडून घेतला, म्हणजे जवळून एकाच वेळी सगळा मारा पडे. दोष झाकायला अंतर कमी करणे हाच त्यांचाही उपाय होता.

आता सर्वांत मोठा आक्षेप : अमेरिका. मस्टँग, थंडरबोल्ट आणि हेलकॅट या विमानांनी जवळजवळ सगळे युद्ध १२.७ मिलिमीटरच्या मशीनगनवर लढले आणि जिंकले. मस्टँग-डी मध्ये अशा सहा बंदुका व १८८० गोळ्या, थंडरबोल्टमध्ये आठ. मग कॅननची गरज काय? उत्तर लक्ष्यापासून सुरू होते. अमेरिकेला जर्मनीचे किंवा जपानचे चार इंजिनांचे बाँबर थवे पाडायचे नव्हते. समोर होती एकइंजिनी लढाऊ विमाने, वैमानिकाच्या पाठीशी टाकी असलेली, आणि जपानी विमाने तर बहुधा चिलखताविनाच. १२.७ मिलिमीटरची चिलखतभेदी आणि आग लावणारी गोळी अशा लक्ष्याला पुरेशी होती. दुसरे, ती बंदूक लढाऊ विमानात, बाँबरच्या बुरुजात, रणगाड्यावर, जहाजावर सगळीकडे मूळ रचनेने तीच होती, त्यामुळे उत्पादन, सुटे भाग आणि दारूगोळा यांची सोय झाली. तिसरे, बर्लिनपर्यंत जाऊन परतणाऱ्या विमानाला बराच वेळ झाडता येतील एवढ्या गोळ्या हव्या होत्या. आणि चौथे कारण सांगायला हवे : अमेरिकेने हिस्पानो बनवायला घेतली होती, पण ती नीट चालवू शकली नाही. काडतूस बसण्याची जागा किंचित लांब राहिल्याने टोला हलका पडे आणि बार फुकट जाई. ब्रिटनने आपल्या तोफांत ती जागा कमी करून घेतली, अमेरिकेने ती दुरुस्ती नाकारली आणि काडतुसांना वंगण लावून काम भागवले. ब्रिटिशांसाठी बनलेल्या आरंभीच्या काही मस्टँगमध्ये चार कॅनन होत्या, हे लक्षात घेतले तर निवड तत्त्वापेक्षा परिस्थितीची होती हे कळते. शिवाय मशीनगनही आपोआप भरवशाची नसते. मस्टँग-बी मध्ये त्या तिरप्या बसवल्या होत्या, कडक वळणात गोळ्यांचे पट्टे अडकत, आणि डी मध्ये त्या सरळ उभ्या बसवल्यावरच हा त्रास मिटला.

लक्ष्य बदलले तेव्हा अमेरिकी नौदलाचेही मत बदलले. जहाजावर येऊन आदळणाऱ्या कामिकाझे विमानाला जखमी करून भागत नाही, ते वाटेतच मोडून पडले पाहिजे. १९४५ मध्ये ओकिनावाच्या मोहिमेत चार २० मिलिमीटर कॅननची कॉर्सेअर विमाने उतरली. रात्री लढणाऱ्या काही हेलकॅटमध्ये दोन मशीनगनच्या जागी दोन कॅनन आल्या. रात्रीच्या लढाईत शत्रू क्षणभरच दिसतो, त्यामुळे हे कारण आणखी पटते. आपल्याकडचे उदाहरण कलकत्त्याचे आहे. डिसेंबर १९४२ पासून जपानी बाँबर रात्री शहरावर येऊ लागले होते. डमडमला १७६ स्क्वाड्रनची ब्यूफायटर विमाने आली. त्यांना रडार होते, पोटात चार हिस्पानो होत्या आणि पंखांत सहा मशीनगन. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री फ्लाइट सार्जंट आर्थर प्रिंग यांनी काही मिनिटांच्या अवधीत तीन बाँबर पाडले. अंधारात दुसरी संधी मिळत नाही, तेव्हा पहिल्या फैरीचे वजन किती निर्णायक असते याचा हा चोख पुरावा आहे. युद्धानंतर अमेरिकी नौदलाने आपल्या जेट विमानांसाठी २० मिलिमीटर कॅननच कायम केली. हवाई दलाने मात्र मशीनगन सोडली नाही.

त्या हट्टाची परीक्षा कोरियाच्या युद्धात झाली. एफ-८६ सेबरमध्ये सहा १२.७ मिलिमीटर बंदुका होत्या, नव्या रचनेच्या, मिनिटाला सुमारे १२०० गोळ्यांच्या. वजनाने त्यांचा मारा चार हिस्पानोंइतका झाला होता, पण त्यात स्फोटक नव्हते. उंचावरच्या विरळ हवेत इंधन सहज पेट घेत नाही, त्यामुळे शत्रूची कितीतरी मिग-१५ विमाने गोळ्या खाऊनही यालू नदीपलीकडे निघून जात. मिगमध्ये ३७ मिलिमीटरची एक आणि २३ मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. मूळ उद्देश बी-२९ सारखे बाँबर पाडण्याचा, आणि तो त्यांनी पुरा केला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी नामसीवर झालेल्या लढाईनंतर अमेरिकेला बी-२९ चे दिवसाहल्ले थांबवावे लागले. पण वळणाऱ्या सेबरवर मोठ्या तोफेचे मोजके गोळे आणि दोन आकारांचे दोन वेगळे वक्र मिगलाही नडले. दोन्ही बाजूंचे शस्त्र दुसऱ्याच कामासाठी घडलेले होते. अमेरिकेने १९५३ मध्ये काही सेबर विमानांवर २० मिलिमीटर कॅनन बसवून प्रत्यक्ष लढाईत चाचणी घेतली. तोफांचा धूर इंजिनात शिरून ते गुदमरण्याची अडचण आली, तरी मारा परिणामकारक ठरला आणि निर्णय झाला.

त्या निर्णयामागची रचना जुन्या वादाचे उत्तर देते. जर्मन माउझर कारखान्यात युद्धाच्या अखेरीस फिरत्या कोठड्यांची एक तोफ आकार घेत होती. तिच्यात एक बार सुटत असताना पुढचे काडतूस भरले जाते. तिच्यावरूनच ब्रिटनची एडन, फ्रान्सची डेफा आणि अमेरिकेची एम-३९ या तोफा आल्या. मशीनगनचा वेग आणि कॅननचा गोळा एकत्र आल्यावर दाट मारा हवा की जड मारा, ही निवडच उरली नाही. या पिढीची तोफ आपल्या हवाई दलानेही वापरली. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबरमध्ये अजून १२.७ मिलिमीटर मशीनगन होत्या, तर आपल्या हंटरमध्ये चार आणि नॅटमध्ये दोन ३० मिलिमीटर एडन. त्या युद्धात नॅटच्या तोफा अनेकदा अडकल्या, आणि बंद पडलेल्या तोफेपेक्षा चालणारी मशीनगन बरी, हा १९ स्क्वाड्रनचा धडा पुन्हा शिकावा लागला. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयऱ्यावरील हवाई लढाईत त्याच नॅट विमानांनी कॅननच्या छोट्या फैरींत दोन सेबर पाडली आणि तिसरे जायबंदी केले, ती या तोफेची चालू स्थितीतील ताकद होती.

साऱ्या पुराव्यावरून काढायचा निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. चिवट होत जाणाऱ्या, वेग वाढत जाणाऱ्या लक्ष्यासमोर कॅनन हीच योग्य दिशा होती, आणि ती आधी ओळखणाऱ्यांनी पुढचे पाहिले होते. तरीही १९४० मध्ये आठ मशीनगनवर विसंबलेला ब्रिटिश अधिकारी किंवा १९४४ मध्ये सहा मशीनगनवर समाधानी असलेला अमेरिकी अधिकारी चुकला असे म्हणता येणार नाही. त्यांनी समोरचे लक्ष्य, हाताशी असलेला कारखाना आणि त्या दिवशी खात्रीने चालणारी बंदूक यांचा मेळ घातला होता. चूक केली ती निवड कायमची मानणाऱ्यांनी : चिलखत आल्यावरही बारा थ्री-नॉट-थ्री बसवणाऱ्यांनी, जेट आल्यावरही मशीनगनला चिकटलेल्यांनी, आणि बाँबरसाठी घडवलेली जड तोफ लढाऊ विमानाशी भिडताना वाहत नेणाऱ्यांनी. शस्त्राचा दर्जा नळीच्या मापावरून ठरवण्याची सवय सोडून, ते कोणासाठी, किती क्षणांसाठी आणि किती खात्रीने, हे तीन प्रश्न विचारले, तर ऐंशी वर्षे चालत आलेला हा वाद बराचसा मिटतो. आणि आज एखाद्या नव्या विमानाच्या शस्त्रांचे तक्ते वाचतानाही हेच तीन प्रश्न आपल्याला सर्वांत आधी विचारता आले पाहिजेत.